आई, आत्या आणि मिलचं तळं

त्या सकाळी आई खोलीतून बाहेर आली तेव्हा तिच्या पायात बूट होते. पांढरे, कॅनव्हासचे, नाडीवाले. अंगावर नेहमीची फिकट इरकल साडी आणि डोक्यावर शाळेच्या सहलीत मुलं घालतात तसली उन्हाची टोपी.

नीलाआत्यानं कप बशीत ठेवला.

"महानंदा, हे काय ध्यान?"

"जरा फिरून येऊ, वन्सं. तुम्हीही चला. शिवू, ऊठ."

"फिरून? आज?" मी म्हणाले. "आई, दुपारी गाडी यायची आहे."

"दुपारी यायची आहे ना? आत्ता सकाळ आहे."

आईनं उभी हयात मुलींच्या शाळेत गणित शिकवलं होतं. तिच्याशी वाद घालायचा म्हणजे तिच्याच फळ्यावर, तिच्याच खडूनं घालावा लागे. मी गप्प उठले.

मी सोलापूरला आले होते ते तिला कायमची बंगळूरला न्यायला. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, ती निवृत्त झाली होती आणि एवढ्या घरात एकटी राहत होती. फोनवर मी सगळं ठरवत गेले आणि ती प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणत गेली. तिची खोली मी तयार करून ठेवली होती, पिवळे पडदेसुद्धा लावले होते. तिच्या बॅगा बाहेरच्या खोलीत ओळीनं उभ्या होत्या. निरोप द्यायला म्हणून नीलाआत्या अक्कलकोटहून आली होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. अंगानं भारदस्त आणि आवाजानं त्याहून. बाबांच्या मागं आमच्या घरात शेवटचा शब्द तिचाच असे. आईनं तो कधी ओलांडल्याचं मला आठवत नाही.

"मिलच्या रानात सोड रे," आई रिक्षावाल्याला म्हणाली.

"कुठल्या मिलच्या?" मी विचारलं.

"आपल्या त्या बंद मिलच्या. मागच्या बाजूला."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. त्या मिलची मागची बाजू म्हणजे आमच्या लहानपणीची भीतीची जागा. मिल बंद पडल्यावर तिथं नुसत्या काटेरी बाभळी माजल्या होत्या. गंजलेल्या यंत्रांचे सांगाडे, बॉयलरच्या राखेचा डोंगर, सगळ्या शहराचा कचरा आणि मधोमध हिरव्या-काळ्या पाण्याचा हौद. बाबा बजावून सांगायचे, "चेंडू आत गेला तर नवा आणू, पण ती भिंत ओलांडायची नाही."

"तिथं काय बघायचंय, महानंदा?" आत्या म्हणाली. "माझ्या नणंदेची म्हैस मेली होती तिथं."

"म्हैस आता नाहीये, वन्सं," आई म्हणाली आणि रस्त्याकडे बघत राहिली. तिच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला.

रिक्षा थांबली. पडक्या भिंतीच्या जागी बांबूचं फाटक होतं. मिलचं धुराडं तेवढं तसंच उभं होतं, पण त्याच्या तोंडातून आता पिंपळ उगवला होता. खाली जिकडं पाहावं तिकडं झाडंच झाडं. कडुनिंब, करंज, पळस, बहावा. बहाव्याची पिवळी झुंबरं वाटेवर लोंबत होती आणि एवढा कलकलाट चालला होता की शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागत होता.

तेवढ्यात कर्रकन शिट्टी वाजली.

"चला चला, आत सरका! दारात उभं राहू नका! मधे जागा भरपूर आहे!"

फाटकात एक काळासावळा, उंच, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ उभा होता. गळ्यात शिट्टी, डोळ्यांत दांडगा उत्साह. आईला बघताच त्याचा आवाज एकदम अर्ध्यावर आला.

"आलात होय, मॅडम."

"आले. ह्या आमच्या वन्सं. आणि ही शिवलीला."

"नमस्कार, आक्का. नमस्कार, ताई. मी अंबादास चिप्पा. एस.टी.त कंडक्टर होतो. आता ह्या मार्गावर आहे."

"हे इथले कोण?" आत्यानं आईच्या कानात विचारलं. आत्याचं कानातलं बोलणं फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जाई.

"इथं सगळे आपापल्या हौसेनं येतात, वन्सं. कुणी झाडं लावतं, कुणी पाणी घालतं. हे आलेल्यांना फिरवून आणतात."

"आणि तू?"

"मी जलपर्णी काढते," आई म्हणाली आणि पुढं चालू लागली. आत्यानं माझ्याकडं पाहिलं, मी आत्याकडं. गेल्या दिवाळीला मी भांडी घासायला बाई लावून दिली होती, आईच्या हाताला गार पाणी सोसत नाही म्हणून.

चिप्पांचं फिरवणं म्हणजे एक प्रकरण होतं. त्यांना पक्ष्यांची नावं ठाऊक नव्हती, आणि नाहीत याची त्यांना जराही खंत नव्हती. तळ्याच्या मधोमध एका ओंडक्यावर एक काळा पक्षी पंख पसरून बसला होता.

"तो बघा, आक्का. आमचा डेपो मॅनेजर. काम काही नाही, नुसते हात पसरून 'काय करू, काय करू.'"

"तो पाणकावळा," आई म्हणाली. "पंख वाळवतोय."

"ते त्याचं शाळेतलं नाव, मॅडम. घरचं नाव वेगळं असतंय की."

पुढं करड्या पक्ष्यांची एक टोळी जमिनीवर उड्या मारत तावातावानं भांडत होती.

"सातभाई," आईनं मला सांगितलं.

"शेवटची गाडी चुकलेले पॅसेंजर," चिप्पांनी आत्याला सांगितलं. "आता बघा, सगळे मिळून मलाच बोलणार."

खरोखरच त्या सातभाईंनी एकदम त्यांच्याकडं तोंडं फिरवून असा कालवा केला की चिप्पा दोन्ही हात वर करून मागं सरले. "येईल, येईल! दुसरी गाडी सोडलीय!"

आणि आई हसली.

आईचं हसू मला माहीत होतं. मिटल्या ओठांचं, उत्तर बरोबर आलं की येतं तेवढं. हे हसू वेगळं होतं. ती पोट धरून, कमरेत वाकून हसत होती. टोपी घसरून डोळ्यांवर आली, ती तिनं सावरलीसुद्धा नाही. जणू दुसऱ्याच कुणाच्या आईकडं बघतेय, अशी मी उभी राहिले.

"हिला काय झालं?" आत्या म्हणाली, पण तिलाही आतून गुदगुल्या होत असाव्यात. तोंडावर पदर धरून ती पुढं झाली आणि पुढच्या पक्ष्याला तिनं स्वतःच नाव ठेवलं. काठावर एक बगळा मान आखडून, एका जागी खिळून उभा होता. "हा आमचा व्याही," आत्या म्हणाली. "लग्नात जेवण वाढेपर्यंत असाच उभा होता."

चिप्पांनी खूश होऊन शिट्टी वाजवली. व्याही उडून गेला.

आमच्या लहानपणीचा तो हौद आता तळं झाला होता. काठानं पाणवनस्पती, मधे निळं आभाळ. काठाला एक तराफा बांधला होता. रिकामे प्लॅस्टिकचे पिंप, त्यांवर बांबू. आई त्यावर टुणकन चढली आणि लांब काठी हातात घेऊन उभी राहिली.

"आई, पडशील!"

"रोज चढते, शिवू. ये."

"तीनच उतारू," चिप्पा म्हणाले. "ताई, तुम्ही मधे बसा. आक्का, तुम्ही काठावरच थांबा, सावली आहे इथं."

एवढं ऐकायचा अवकाश.

"का म्हणून? ही चढते आणि मी काठावर? मी काय सामान आहे?" आत्यानं पर्स आणि चपला झाडाखाली ठेवल्या, साडीचा काष्टा खोचला, एक हात चिप्पांच्या खांद्यावर आणि एक माझ्या डोक्यावर रोवून ती तराफ्यावर आली. तराफा एका बाजूनं आत गेला, दुसऱ्या बाजूनं वर आला आणि जरा विचार करून सरळ झाला.

"शिवशिवा," आत्या म्हणाली. "काय गार वारा आहे गं!"

आई काठीनं ढकलत होती. आम्ही पाण्याच्या मधोमध आलो. एक निळा खंड्या आमच्या डोक्यावरून सुळकन गेला. पाण्यात धुराडं उलटं उभं होतं आणि त्याच्या तोंडातला पिंपळ तळाशी हलत होता. आत्यानं पाय पाण्यात सोडले. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. कदाचित अक्कलकोटात कुणीच पाहिलं नसेल. ती गुणगुणायलाही लागली.

मग गुणगुणणं थांबलं.

"अंबादास," आत्या अगदी हळू म्हणाली. "ते काय येतंय?"

पाण्यावर डोकं काढून, नागमोडी रेघ ओढत एक साप निवांत आमच्याकडं येत होता.

"पाणदिवड आहे, आक्का. तिला विष नसतंय."

"तिला माहीत आहे का ते?"

"आत्या, हलू नकोस," मी म्हणाले.

"वन्सं, पाय वर घ्या," आई म्हणाली.

आत्यानं दोन्हींपैकी काहीच केलं नाही. "अय्योऽऽ!" अशी एक आरोळी ठोकून ती उभी राहिली आणि चिप्पांच्या गळ्यात पडली. चिप्पा मागं गेले, आत्या त्यांच्याबरोबर गेली, तराफा दोघांच्या मागोमाग गेला आणि आई आणि मी हवेत. नंतर सगळीकडं हिरवं पाणी. काठावरचे सगळे पक्षी एकदम उडाले.

"बुडाले! मी बुडाले! शिवू, माझ्या सुनेला सांग गं!"

"आक्का, उभ्या राहा!"

"मेले मी!"

"आक्का, नुसत्या उभ्या राहा!"

आत्या उभी राहिली. पाणी तिच्या कमरेपर्यंत होतं.

आत्याच्या डोक्यावर जलपर्णीचं जांभळं फूल होतं, अगदी बरोबर मधोमध. चिप्पांच्या मिशांतून पाणी गळत होतं. आईची टोपी एकटीच लांब निघाली होती. पाणदिवड या सगळ्याला कंटाळून केव्हाच दुसरीकडं वळली होती.

"सुनेला काय सांगू, आत्या?" मी विचारलं.

आत्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून हसू बाहेर पडलं. आधी बारीक, मग खदखदून. ती पाण्यातच खाली बसली आणि गळ्याइतक्या पाण्यात हसत राहिली. आई तिला उठवायला गेली आणि तिच्याशेजारीच बसली. मी दोघींना ओढत होते आणि हसून हसून माझ्या हातात जोर उरला नव्हता. चिप्पा काठीचा आधार घेऊन म्हणत होते, "गाडी फेल झालीय. पॅसेंजरांनी उतरून घ्यावं. उतरून घ्यावं."

मिलच्या जुन्या इंजिनघराचा ओटा तेवढा राहिला होता. त्यावर ऊन चांगलं पडायचं. कुणीतरी फाटकाजवळच्या खोलीतून चादरी आणून दिल्या, कुणी चहा. चौघं चादरी पांघरून ओळीनं बसलो. अजून मधूनच कुणाला तरी हसू फुटत होतं आणि मग सगळ्यांनाच.

चहा पोटात गेल्यावर आत्या नेहमीची आत्या झाली.

"घरी कोण कोण असतं, अंबादास?"

"कोणी नाही, आक्का. बायको जाऊन लई वर्षं झाली. मूलबाळ नाही. एक भाऊ होता, तोही गेला."

"अरे देवा. मग जेवणाखाण्याचं?"

"करतो की. आमटी बरी होती आपली. चपातीचा मात्र नकाशा होतोय."

"कुठल्या देशाचा?" मी हसत विचारलं.

"रोज वेगळ्या," आई म्हणाली.

तिनं ते अगदी सहज म्हटलं, चहाचा घोट घेता घेता. आणि म्हटल्यावर तिचा कप तसाच ओठांशी राहिला.

आत्यानं मान हळूहळू वळवली. "तुला काय माहीत?"

चिप्पा, जे सकाळपासून एक क्षण गप्प बसले नव्हते, ते आपल्या कपात बघू लागले. जणू तिथं काहीतरी लिहिलेलं होतं.

"मी खाल्लीय, वन्सं," आई म्हणाली. तिनं कप खाली ठेवला आणि चादर अंगाभोवती नीट ओढून घेतली. "मला तुम्हा दोघींशी बोलायचं होतं. घरी आठवडाभर प्रयत्न केला. तोंडच उघडत नव्हतं. इथं आलं की उघडतं, म्हणून तुम्हाला इथं आणलं." मग ती एका दमात म्हणाली, "मी ह्यांना लग्नाचं विचारलंय."

"कुणाच्या?" आत्यानं विचारलं.

"माझ्या."

हे दुःख आहे, राग आहे की नुसतंच मगाचं हसू आत अडकलंय, ते मला कळेना.

"तू विचारलंस?" आत्या म्हणाली. "तू? ह्यांनी नाही?"

"ह्यांनी म्हटलं, आधी घरच्यांना विचारा."

"सगळी नोकरी उभ्यानं प्रवास केलाय, आक्का," चिप्पा कपातच बघत म्हणाले. "थांबायची सवय आहे. घरच्यांचं मन नसेल तर मी आपला फाटकातच बरा. मॅडमना बंगळूरला बरं वाटलं तर तसं."

आत्याच्या चादरीतून पाणी ओट्यावर टिपटिपत होतं. मी आईकडं पाहिलं. ती ताठ बसली होती, निकालाच्या दिवशी मुली बसतात तशी. चादरीबाहेर आलेली तिची बोटं मात्र एकमेकांत घट्ट गुंतली होती.

"महानंदा," आत्या शेवटी म्हणाली. "हे तू मला आत्ता सांगतेस?"

"वन्सं, मी..."

"आत्ता? सगळ्या तळ्यासमोर मी ह्या माणसाच्या गळ्यात पडले, महानंदा! तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या! आधी सांगितलं असतंस तर मी शिवूला धरलं असतं!"

पुढची काही मिनिटं मला नीट आठवत नाहीत. चहा माझ्या नाकात गेला एवढं आठवतं. चिप्पा ओट्यावरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. आई हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं. आत्यानं तिला चादरीसकट मिठीत ओढलं होतं आणि तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत होती.

"माझा भाऊ रेवण गेला त्या दिवशी," आत्या म्हणाली, "घरभर माणसं, आणि तू सगळ्यांना पाणी देत फिरत होतीस. सगळ्यांना विचारत होतीस, तुम्हाला काय हवं. तेव्हापासून मी वाट बघतेय, ही बाई स्वतःसाठी काही मागते का. नाही मागितलंस. साधी साडीसुद्धा नाही मागितलीस. आज मागितलंस."

मग तिनं आईच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"शिवू, तू बोल. तुझी आई आहे."

तिघंही माझ्याकडं बघत होते. खरं सांगायचं तर मला ते पिवळे पडदे आठवले. रिकाम्या खोलीतले, वाऱ्यानं हलणारे. मी मोठ्या प्रेमानं सगळं ठरवलं होतं, आणि आईचं प्रत्येक "हं" मी होकार म्हणून घेतलं होतं. पण समोर बसलेली ही बाई, गालाला शेवाळ लागलेली, एका बुटाची नाडी सुटलेली, हिला मी अजून पुरतं पाहिलंही नव्हतं. तिच्या पोटात एवढं हसू कुठं होतं इतकी वर्षं?

"रागावलीस, शिवू?" तिनं विचारलं. तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

मी चिप्पांकडं वळले.

"तुम्ही बंगळूरला याल का?" मी म्हणाले. "राहायला नाही. फिरायला. दोघांनी. दर वर्षी."

चिप्पांनी आधी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"खिडकीची जागा मिळेल का, ताई?"

मी मान डोलावली. आई माझ्याकडं झेपावली आणि आम्ही दोघी पुन्हा ओल्याचिंब झालो. निदान माझी चादर तरी झाली.

आत्याला आता दम निघत नव्हता. तिनं झाडाखालची पर्स मागवली, फोन काढला आणि तिथंच, ओट्यावर उभी राहून अक्कलकोटला मुलाला लावला. "हॅलो! हां, मीच. ऐक, महानंदाचं लग्न ठरलं... महानंदाचं! तुझ्या मामीचं!... नाही, आपल्यातला नाही. पण माणूस चांगला आहे... हो, मी स्वतः पारखून घेतलाय. पार तळ्यात पडून पारखलाय!" फोनच्या पलीकडून जो काही गोंधळ उडाला असेल, त्याला तिनं फक्त एवढंच उत्तर दिलं, "कोणाला काय म्हणायचं असेल ते मला येऊन म्हणा." आणि फोन बंद केला.

आई लाजली. माझी गणिताची आई, सहासष्ट मुलींच्या वर्गात नुसत्या नजरेनं शांतता आणणारी, कानापर्यंत लाल झाली. चिप्पा तिच्यापासून दोन हात अंतरावर उभे होते. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि लगेच दोघांनीही तळ्याकडं पाहिलं, जणू पाणकावळ्याचं काही तातडीचं काम निघालं होतं.

दुपारी गाडी आली आणि मी एकटीच निघाले. आईच्या बॅगा मी स्वतः आत नेऊन ठेवल्या. आत्या दारात उभी राहून मांडवाचं बोलत होती. आई हात हलवत होती. मी वळणापर्यंत मागं बघत राहिले. मग हसायला लागले. मग डोळे पुसायला लागले. मग पुन्हा हसायला.

शहर मागं पडल्यावर गाडीवाल्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मध्यम वयाचा, गंभीर चेहऱ्याचा माणूस होता.

"ताई, काही झालं का? घरी सगळं बरं आहे ना?"

"माझ्या आईचं लग्न ठरलं," मी म्हणाले. मोठ्यानं म्हटल्यावर ते पहिल्यांदा खरं वाटलं.

लग्न म्हटलं की जे विचारतात तेच त्यानं विचारलं.

"मुलाकडचे कसे आहेत?"

"मुलाकडचं कुणीच नाही," मी म्हणाले. "आता आम्हीच."